योजना गेली, जमीन कुठे आली?



चांदमारीच्या माळावरचा तिसरा बोर्ड पडला. कुणी पाडला नाही, वाऱ्यानंच पडला. पत्रा चांगला होता म्हणून खालच्या पाड्यातल्या एका मावशीने तो उचलून कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकलाय. अक्षरं उलटी झालीत, पण 'नियोजित' हा शब्द अजून वाचता येतो.

बोर्ड पडायच्या आधीच तालुक्याहून बातमी आली होती की ही योजनाही रद्द झाली. पाड्यात आनंद झाला. रात्री तारपा निघाला. सुटलो, असं सगळेच म्हणाले, मीपण म्हटलं. आणि बरोबर पंधरा दिवसांनी त्याच माळावर नागली-वरई करणाऱ्या अकरा घरांना नोटिसा आल्या. 'शासकीय जमिनीवरील अतिक्रमण सात दिवसांत दूर करावे.' म्हणजे सरकारला माळावर काही करायचं नाही, पण आपणही काही करायचं नाही. योजना मेली आणि चोर आपण ठरलो.

म्हणून या अंकात इतर विषय मागे ठेवून माळाबद्दलच लिहिते आहे.

नव्या साथींना माळाची गोष्ट माहीत नसेल. आपल्या आज्यांच्या काळात माळावर राब भाजून शेती व्हायची. वरच्या टोकाला पाच-सहा घरं होती, त्यांची जोती अजून दिसतात. मग पलटणीला नेमबाजीच्या सरावाला जागा पाहिजे म्हणून माळ घेतला. लाल निशाण लागलं की वर जायचं नाही, गुरं खाली उतरवायची. वरच्या घरांना सांगितलं खाली या, काम झालं की परत जा. पैसे मिळाले का, असं मी जुन्या माणसांना विचारलं. एक आजोबा म्हणाले, "पैसं? आमाला सायबानं बिडी दिली व्हती." ते हसत होते, मला हसू आलं नाही. संध्याकाळी निशाण उतरलं की पोरं वर पळायची आणि मातीच्या बांधातून शिशाच्या गोळ्या उकरून आणायची. त्या वितळवून बायांनी मासे धरायच्या जाळ्यांना लावल्या. पुढे कधीतरी पलटण यायची बंद झाली. निशाणाचा खांब राहिला, त्याला आता मधमाश्यांचं पोळं लागतं.

त्यानंतर माळाला योजना लागल्या. पहिली आश्रमशाळेची. मोजणी झाली, लाल रंगाचे दगड पुरले, नारळ फुटला, शाळा काही झाली नाही. दुसरी पर्यटनाची. वरून दरी चांगली दिसते म्हणे. एक सिमेंटचा बाक झाला आणि एक कमान अर्धी झाली. तिसरी प्रशिक्षण केंद्राची, तिचा बोर्ड आता खुराड्यावर आहे. योजना वाईट होत्या असं मी म्हणत नाही. आश्रमशाळा झाली असती तर मला अकरावी-बारावीसाठी गाव सोडावं लागलं नसतं कदाचित. पण दर वेळी योजना आली की जुनी माणसं म्हणायची, आता आपला कागद मागू या. आणि दर वेळी कार्यालयातून उत्तर यायचं, थांबा, इथे मोठं काम होणार आहे. योजना रद्द झाली की विचारायला कुणी जायचंच नाही. आपल्याला वाटायचं भांडण मिटलं.

भांडण मिटत नाही. हे मला नेवाळीवरून कळलं.

कल्याण-अंबरनाथला बिगारीला जाणाऱ्या साथींनी नेवाळी नाका पाहिला असेल. तिथे दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी इंग्रज सरकारने विमानांसाठी धावपट्टी केली आणि त्यासाठी आसपासच्या गावांच्या जमिनी घेतल्या. सोळाशे एकरांच्या वर. तिथले शेतकरी सांगतात की लढाई संपली की परत देतो या बोलीवर जमीन घेतली होती. लढाई १९४५ ला संपली. दोन वर्षांनी इंग्रजही गेले. जमीन मात्र इंग्रजांकडून आपल्या संरक्षण खात्याकडे गेली, शेतकऱ्यांकडे आली नाही. धावपट्टीला भेगा पडल्या, गवत आलं. शेतकरी बाजूची जमीन कसत राहिले, भात पिकवत राहिले. पोरांची लग्नं झाली, नातवंडं झाली. मधे एकदा तिथे मोठा विमानतळ करायची चर्चा सरकारी पातळीवर झाली. पेपरात आलं, नेते बोलले, जमिनीचे दर वाढले, दलाल फिरले. मग ती चर्चा विरली आणि विमानतळ नवी मुंबईकडे झाला. नेवाळीतही लोकांना वाटलं असेल, सुटलो.

२०१७ साली नौदलाने तिथे कुंपणाची भिंत घालायला घेतली. पेरणीचे दिवस होते. २२ जूनला लोक रस्त्यावर आले. पोलिसांच्या गाड्या जळल्या, पोलिसांनी छऱ्यांच्या बंदुका चालवल्या, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. गाड्या जाळल्या ते चुकलंच. ते आपण नाही करणार, आणि कुणी करायला निघाला तर त्याला धरून बसवायचं. कारण त्या दिवसानंतर सगळीकडे बोलणं झालं ते जळालेल्या गाड्यांचं. सत्तर वर्षं पडून असलेल्या धावपट्टीचं बोलणं मागे पडलं. शेतकऱ्यांवर केसेस लागल्या, आणि ज्याच्यावर केस आहे तो जमिनीचा कागद शोधायला जाईल की जामिनाला?

कुणी म्हणेल, नेवाळीचे लोक बहुतेक आगरी, त्यांचं आणि आपलं काय? तिथे एकराला कोटी, इथे माळावर दगड. बरोबर आहे, पण कायद्याची गाठ एकच आहे आणि ती समजून घेतली पाहिजे.

लढाईच्या काळात सरकारकडे जमीन घ्यायच्या दोन वाटा होत्या. एक कायमचं संपादन, त्यात मालकीच जाते. दुसरी फक्त ताबा. भारत संरक्षण कायदा १९३९ चा, त्याच्या नियमांखाली सरकार घर, जमीन, गोदाम तात्पुरतं ताब्यात घेऊ शकत होतं. मालक मालकच राहायचा. पुढे १९५२ मध्ये दिल्ली सरकारने अशा ताब्यातल्या मालमत्तांसाठी वेगळा कायदा केला. १९७० ला त्यात मुदत घातली, की इतक्या वर्षांत एकतर रीतसर संपादन करा नाहीतर सोडा. ती मुदत वाढवत वाढवत १९८७ पर्यंत नेली. म्हणजे कायद्यालाही मान्य होतं की तात्पुरतं म्हणून घेतलेलं कायम धरून बसता येत नाही. पण कुठली जमीन ताब्याची आणि कुठली संपादनाची, हे सांगणारा कागद कुणाकडे असतो? सरकारकडे. शेतकऱ्याकडे आज्याची आठवण असते. नेवाळीचं भांडण तिथेच अडकलं आहे. शेतकरी म्हणतात तात्पुरती दिली, खातं म्हणतं जमीन आमची.

आपल्या माळाचंही तेच. 'काम झालं की परत जा' असं सांगितलं, हे आपल्या म्हाताऱ्यांना माहीत आहे. ते लिहून कुठे आहे, हे अजून आपण एकदाही विचारलेलं नाही. लाज वाटते सांगायला, पण संघटनेला इतकी वर्षं झाली आणि माळाच्या संपादनाच्या आदेशाची नक्कल मागणारा एकही अर्ज आपल्या फायलीत नाही. मोर्चांचे फोटो आहेत, चांगले आहेत.

आता दुसरी गोष्ट, झारखंडमधली. तिथे लातेहार आणि गुमला जिल्ह्यांत नेतरहाटचं पठार आहे. उरांव, मुंडा, असुर, बिरजिया असे आदिवासी तिथे राहतात. आपल्यासारखाच डोंगर, आपल्यासारखंच जंगल. तिथे १९६४ पासून सैन्य तोफांचा सराव करायचं. सरावाचे दिवस आले की गावं रिकामी करायची. माणूस, गुरं, म्हातारी, बाळंतीण, सगळ्यांनी निघायचं आणि तोफा थांबल्या की यायचं. त्यासाठी जो कायदा वापरतात तो १९३८ चा आहे, म्हणजे तोही इंग्रजांचा. सरकार अधिसूचना काढतं, अमुक वर्षांपर्यंत अमुक गावांच्या हद्दीत सराव चालेल, बस. १९९१ आणि १९९२ ला अशा अधिसूचना निघाल्या आणि त्यात एकदम २४५ गावं आली, १४७१ चौरस किलोमीटर. वर लोकांना कळलं की पुढे कायमचा प्रकल्प करून गावंच उठवायचा विचार आहे.

मार्च १९९४ मध्ये सैन्याच्या गाड्या सरावाला आल्या तेव्हा टुटुवापानी नावाच्या ठिकाणी हजारो लोक रस्त्यावर बसले. पुढे बाया होत्या. दगड नाही, आग नाही, नुसते बसले. गाड्या परत गेल्या. त्यानंतर तिथे सराव झाला नाही.

इथपर्यंतची गोष्ट आपल्यातल्या बऱ्याच जणांनी शिबिरात ऐकली असेल. पुढची कमी सांगितली जाते, कारण तिच्यात मोर्चाची मजा नाही. तोफा थांबल्या, तरी अधिसूचना थांबली नव्हती. १९९९ मध्ये तिची मुदत वाढली, थेट ११ मे २०२२ पर्यंत. म्हणजे पठारावर एक गोळा पडत नाही, शेतं पिकतायत, पोरं मोठी होतायत, आणि कागदावर २४५ गावं अजून तोफेखाली. आपल्याकडे हे झालं असतं तर दोन वर्षांत आपण विसरून गेलो असतो. खरं सांगा, माळाबद्दल विसरलोच की नाही?

ते विसरले नाहीत. दर वर्षी २२ आणि २३ मार्चला लोक टुटुवापानीला जमत राहिले. तोफा नाहीत, सैन्य नाही, तरी जमायचं, बसायचं, 'जान देंगे, जमीन नहीं देंगे' म्हणायचं आणि पोरांना दाखवायचं की गाड्या इथे अडवल्या. ज्यांनी गाड्या अडवल्या त्यांच्यातले किती गेले, तरी जमणं चालू राहिलं. मुदत संपायच्या आधी, एप्रिल २०२२ मध्ये, तिथून ते पायी निघाले आणि रांचीला राज्यपालांच्या दारात गेले. मागणी एकच, अधिसूचना पुन्हा काढू नका. त्या ऑगस्टमध्ये झारखंडच्या मुख्यमंत्र्यांनी पुन्हा अधिसूचना काढायचा प्रस्ताव नाकारला. गाड्या परत गेल्यापासून मोजलं तर २८ वर्षं झाली होती.

गाड्या एका दिवसात परत जातात. कागद परत जायला २८ वर्षं लागली, आणि तीही दर वर्षी लोक जमत राहिले म्हणून. आपण बोर्ड पडल्यावर तारपा वाजवला, त्यात वाईट काही नाही, नाचायलाच पाहिजे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी तालुक्याला गेलं नाही. सातबाऱ्यावर काय राहिलं ते बघितलं नाही. नोटिसा आल्यावर मी गेले. माळाच्या उताऱ्यावर आपली अकरा घरं कुठेच नाहीत. कब्जेदार सरकार. खाली इतर हक्कात एक नोंद आहे, 'नियोजित प्रकल्पासाठी राखीव'. मी म्हटलं, साहेब, प्रकल्प तर रद्द झाला, ही नोंद कधी काढणार? ते म्हणाले, "नोंद राहू दे ना, तुम्हाला काय त्रास होतो?" चांगले बोलले, चहापण विचारला. पण त्याच नोंदीच्या आधाराने नोटीस निघाली होती, हे त्यांना मीच दाखवलं.

आता कायद्यात आपल्याला काय आहे ते सांगते. दोन कायदे नीट ऐका, कारण एकाचं नाव सगळे घेतात आणि दुसऱ्याचं कुणी घेत नाही.

सगळे नाव घेतात तो २०१३ चा भूसंपादन कायदा. त्याच्या कलम १०१ मध्ये आहे की संपादित जमीन ताबा घेतल्यापासून पाच वर्षं वापरली नाही तर ती मूळ मालकाला किंवा त्याच्या वारसांना परत द्यायची. हे वाचून आपले काही साथी फार खूश होतात. पण वाक्य तिथे संपत नाही. पुढे 'किंवा' आहे. किंवा सरकारच्या लँड बँकेत जमा करायची. त्या एका 'किंवा' मधून माळच्या माळ निघून जातील. शिवाय ते कलम त्या कायद्याखाली घेतलेल्या जमिनींना आहे. आपला माळ त्याच्या कितीतरी आधी गेला. तेव्हा कलम १०१ च्या जिवावर कुणी बसू नका.

कुणी नाव घेत नाही तो आपल्या घरचाच आहे, २००६ चा वनहक्क कायदा. प्लॉटचे दावे सगळ्यांनी भरले, पण त्याचं कलम ४ पोटकलम ८ किती जणांनी वाचलंय? त्यात आहे की सरकारच्या विकासकामासाठी ज्या वनवासी आदिवासींना राहती किंवा कसती जागा सोडावी लागली, बदली जमीन मिळाली नाही, आणि ज्या कामासाठी ती घेतली त्या कामासाठी पाच वर्षांत वापरली गेली नाही, त्यांना त्या जमिनीचा हक्क आहे. तिथे लँड बँक नाही, 'किंवा' नाही. वैयक्तिक दाव्याच्या नमुना अ मध्ये त्यासाठी वेगळी ओळसुद्धा आहे. मी आपल्या पाड्यांतले जुने दावे काढून बघितले. त्या ओळीपुढे प्रत्येक फॉर्मवर एकाच अक्षरात लिहिलंय, 'निरंक'. फॉर्म भरणाऱ्याने वरून खालपर्यंत निरंक, निरंक ओढत नेलंय आणि आपण खाली अंगठे दिले. ते अक्षर आपल्याच एका कार्यकर्त्याचं आहे. त्याला बोल लावत नाही, एका रात्रीत चाळीस फॉर्म भरायचे होते.

सोपं आहे असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. हा कायदा वनजमिनीला लागतो. जुन्या नकाशात माळाला वनाचा नंबर आहे, ते पक्कं करावं लागेल. आणि समोरचा म्हणेल, चांदमारी हा कसला विकास, ते तर पलटणीचं काम होतं, आणि त्या कामासाठी माळ वापरलाही होता. म्हणू द्या. मग आपण विचारू, आश्रमशाळा, पर्यटन आणि प्रशिक्षण केंद्र हा तर विकास होता ना? त्यातलं पाच वर्षांत काय उभं राहिलं? एक बाक? वरच्या घरांना परत जाऊ दिलं नाही ते त्याच योजनांच्या नावाने. हा मुद्दा टिकेल की नाही ते उपविभागीय समितीत आणि नंतर जिल्ह्यात ठरेल. दावाच नसेल तर काहीच ठरणार नाही.

नोटिसांबद्दल. घाबरून कुणी पेरलेलं उपटू नका. त्याच कायद्याच्या कलम ४(५) प्रमाणे दाव्यांची पडताळणी पूर्ण झाल्याशिवाय वनहक्कदाराला त्याच्या ताब्यातल्या वनजमिनीवरून हटवता येत नाही. अकरापैकी सात घरांचे दावे अजून पडून आहेत, त्यांनी पोचपावती जोडून लेखी उत्तर द्यायचं. चार घरांनी दावाच केलेला नाही. त्यांच्यासाठी या आठवड्यात बसू. तोंडी उत्तर कुणी देऊ नका, आणि कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा अजिबात नाही. कार्यालयातून गाडी आली तर एकट्या-दुकट्याने वाद घालू नका, पाड्यात हाक द्या, सगळे मिळून जाऊन बसू. टुटुवापानीसारखे, नुसते बसू.

हा अंक तुमच्या हातात पडायला उशीर झाला, त्याची माफी. आपलं सायक्लोस्टाईल मशीन आता म्हातारं झालंय, दुसऱ्या पानाची स्टेन्सिल तीनदा फाटली. अक्षर पुसट आलं असेल तिथे शाळेतल्या पोरांकडून वाचून घ्या.

येत्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी न्याहारी करून, माळावर निशाणाच्या खांबाजवळ ग्रामसभा. गाव नाही, माळावरच. वनहक्क समितीच्या सभासदांनी रजिस्टर आणायचं. ठराव तीन आहेत. माळ घेतला त्या आदेशाची नक्कल मागणे, 'नियोजित प्रकल्पासाठी राखीव' ही नोंद काढण्याची मागणी, आणि वरच्या घरांच्या वारसांचे ४(८) खाली दावे. जुन्या माणसांना पाठीवर घेऊन यावं लागलं तरी आणा, त्यांचे जबाब तिथेच लिहून घ्यायचे आहेत, नियमांत म्हाताऱ्यांचा जबाब हा पुरावा आहे. पण तो एकटा पुरत नाही, एकाहून जास्त पुरावे लागतात. म्हणून जोती दाखवायला, बांध दाखवायला, वरच्या विहिरीची जागा आणि मसणवट दाखवायला ज्यांना आठवतं त्यांनी पुढे चालायचं. पोरं मागून मोजतील आणि नकाशा काढतील. दंड भरल्याच्या पावत्या, जुनी रेशनकार्डं, असतील ते कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणा. आणि ज्यांच्या घरी आजीचं जुनं जाळं टांगलेलं असेल, शिशाच्या गोळ्या लावलेलं, त्यांनी ते जाळंसुद्धा आणा.